बॉस, तुझ्या एसीत गॅस कुठला?

टन माहीत, स्टार माहीत, ईएमआय तर तोंडपाठ! पण भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डब्यात फिरतंय काय? ते लीक झालं तर पेटतं का, आणि पेटायला किती लागतं? गुलमंडीतल्या दहा बाय दहाच्या खोलीचा एक साधा हिशोब.

एप्रिल उजाडला की गुलमंडीत दोन गर्द्या एकदम दिसतात. एक लग्नाच्या बस्त्याची आणि दुसरी एसी-फ्रिजवाल्या मेकॅनिक मंडळींच्या मोटारसायकलींची. मागे आडवा बांधलेला सिलिंडर, पिशवीतून डोकावणारे गेजचे लाल-निळे पाइप, हँडलला अडकवलेली कॉपरची गुंडाळी. पारा चाळिशीपार गेला की शहरातला सगळ्यात बिझी प्रोफेशनल हाच. डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेल, याची नाही!

गेले काही आठवडे मी मित्रमैत्रिणींना एकच प्रश्न विचारत सुटलेय. तुझ्या एसीत गॅस कुठला? वाळूजला शिफ्ट करणारा मेकॅनिकल इंजिनीअर, बँकेतली मैत्रीण, टिळकपथावर कापडाचं दुकान सांभाळणारा कॉलेजचा दोस्त. सगळ्यांना टन ठाऊक, स्टार ठाऊक, कॅशबॅक किती मिळाला तेही ठाऊक. गॅसचं नाव मात्र कुणालाच सांगता आलं नाही. ‘एसीचा गॅस म्हणजे एसीचाच ना गं?’ हे वर!

प्रॉब्लेम इथेच आहे. कारण गेल्या काही वर्षांत हा गॅस चक्क बदललाय. पूर्वीचा पेटत नव्हता, आताचा थोडा पेटतो किंवा चांगलाच पेटतो. घाबरायचं कारण नाही, पण माहिती असायलाच हवी.

गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे

आधी फंडा क्लिअर करू. एसी गॅस ‘खात’ नाही. कॉम्प्रेसर, बाहेरची कॉइल, आतली कॉइल आणि त्यांना जोडणारे तांब्याचे पाइप ही एक बंद साखळी. त्यात तोच गॅस गोल गोल फिरतो. आत द्रवाची वाफ होताना खोलीतली उष्णता घेतो आणि बाहेर वाफेचा पुन्हा द्रव होताना ती सोडून देतो. कारखान्यात भरलेला गॅस दहा वर्षांनीही तेवढाच असायला हवा.

म्हणजे ‘दर उन्हाळ्यात गॅस मारावा लागतो’ याचा सरळ अर्थ असा, की दर वर्षी तो कुठून तरी बाहेर पडतोय. बहुतेकदा पाइपच्या जोडातून, सैल झालेल्या फ्लेअर नटमधून, नाहीतर गंजलेल्या कॉइलमधून. आणि बाहेर म्हणजे कुठे? कधी गच्चीवर, कधी बोळात आणि कधी थेट तुमच्या बेडरूममध्ये.

मग गॅस बदलले कशाला?

तर झालं असं. जुन्या फ्रिजमधला आर-१२ आणि जुन्या एसीमधला आर-२२ हे दोन्ही पेटत नाहीत. पण ते ओझोनचा थर खातात. म्हणून १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. आर-१२ आधी गेला, आर-२२ हळूहळू जातोय. भारतात आर-२२ च्या जातीचे गॅस वापरून नवी यंत्रं बनवणं २०२४ च्या अखेरीस थांबवायचं ठरलं. जुन्या यंत्रांच्या सर्व्हिसिंगपुरते ते अजून काही वर्षं दिसतील.

त्यांच्या जागी आर-१३४ए आणि आर-४१०ए आले. ओझोनला धक्का नाही, पण पृथ्वी तापवण्यात दादा! एक किलो आर-४१०ए हवेत सोडला तर शंभर वर्षांत दोन हजार किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणून २०१६ मध्ये किगाली इथे नवा करार झाला, भारताने २०२१ मध्ये तो मान्य केला, आणि आता कंपन्या आर-३२ (याचा आकडा ६७५), आर-२९० आणि आर-६००ए यांच्याकडे वळल्यात. शेवटच्या दोघांचा आकडा अगदीच किरकोळ.

आता जरा ऐका. आर-२९० म्हणजे प्रोपेन. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. होय, तुमच्या किचनमधल्या लाल सिलिंडरचे सख्खे नातेवाईक!

ही आयडिया आजची नाही. १९९३ मध्ये जर्मनीत ग्रीनपीसच्या पुढाकाराने ‘ग्रीनफ्रीझ’ नावाचा फ्रिज बाजारात आला. त्यात प्रोपेन आणि आयसोब्युटेनचं मिश्रण होतं. आज जगभर घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन ही कॉमन गोष्ट झालीय. आपल्याकडे गोदरेजने २०१२ मध्ये प्रोपेनवर चालणारा स्प्लिट एसी आणला. आणि आपल्या शहराचं म्हणाल, तर इथल्या कित्येक घरांत पहिला फ्रिज व्हिडिओकॉनचा आला. पैठण रोडवर चितेगावला प्लांट, त्यामुळे घरचीच कंपनी. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण तिचे जुने फ्रिज गल्लीबोळात अजून गार पाणी देतायत. म्हणजे गुलमंडीच्या एकाच वाड्यात खालच्या मजल्यावर जुना न पेटणारा गॅस, मधल्या मजल्यावर आर-३२ आणि वरच्या खोलीत प्रोपेन असं सहज असू शकतं. आणि तिन्हीकडे ‘गॅस मारायला’ येणारा माणूस एकच.

ए१, ए२एल, ए३: ही कसली मार्कलिस्ट?

यंत्राच्या स्टिकरवर गॅसचं नाव असतं. त्या गॅसचा सेफ्टी क्लास म्हणजे एक अक्षर आणि एक आकडा. ‘ए’ म्हणजे विषारीपणा कमी. पुढचा आकडा पेटण्याबद्दल.

‘१’ म्हणजे ज्योत पसरत नाही. आर-२२, आर-१३४ए, आर-४१०ए या गटातले.
‘२एल’ म्हणजे पेटतो, पण सावकाश. आर-३२ इथे. त्याची ज्योत सेकंदाला सहा-सात सेंटिमीटर सरकते.
‘३’ म्हणजे चांगलाच पेटतो. प्रोपेन आणि आयसोब्युटेन इथले. प्रोपेनची ज्योत सेकंदाला चाळीस सेंटिमीटरच्या आसपास धावते.

मार्कलिस्ट वाचून ‘ए३ म्हणजे बॉम्ब, ए१ म्हणजे सेफ’ असं ठरवून मोकळे होऊ नका. धोका नुसत्या नावावरून ठरत नाही. तीन गोष्टी एका जागी आणि एका वेळी याव्या लागतात: पुरेसा गॅस, योग्य प्रमाणात हवा आणि ठिणगी. गॅस फारच कमी असेल तर पेटत नाही. फारच जास्त असेल तरी नाही, कारण मग हवा पुरत नाही. मधला जो पट्टा आहे तो डेंजर. त्याची खालची कड प्रोपेनसाठी घनमीटरला ३८ ग्रॅम. आर-३२ साठी तीच ३०७ ग्रॅम. फरक बघा, आठपट!

दहा बाय दहाचा हिशोब

चला, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढा. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत भाड्याची खोली. १० फूट बाय १० फूट, उंची १० फूट. म्हणजे १,००० घनफूट, अर्थात २८.३ घनमीटर हवा. त्यात दीड टनाचा प्रोपेनचा एसी, गॅस समजा ३५० ग्रॅम. एका रात्रीत सगळा आत लीक झाला, असं वाईटात वाईट धरू.

तो खोलीभर नीट मिसळला तर ३५० भागिले २८.३, म्हणजे घनमीटरला साधारण १२ ग्रॅम. खालची कड ३८. म्हणजे एक तृतीयांश. काडी ओढली तरी खोली पेटणार नाही. रिलॅक्स?

थांबा. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड. पंखा बंद, खिडकी बंद, हवा स्तब्ध असेल तर तो पाण्यासारखा खाली उतरतो. समजा तो सगळा जमिनीपासून तीन फुटांत साचला. आता हवा फक्त साडेआठ घनमीटर. ३५० भागिले ८.५, म्हणजे ४१ ग्रॅम. गेली कड ओलांडून! तोच गॅस, तीच खोली, फक्त मिसळला नाही एवढंच. आणि जमिनीपासून तीन फुटांत काय काय असतं ते आठवा. गादी, मोबाइलचा चार्जर, फ्रिजचा कॉम्प्रेसर, एखाद्या घरात देवघरातली समई, बॅचलरच्या खोलीत खाली मांडलेली शेगडी.

आता त्याच खोलीत आर-३२ चा एसी ठेवू. गॅस ८०० ग्रॅम. अख्खा गॅस खालच्या एकाच फुटात साचला, असं धरलं तरी घनमीटरला २८३ ग्रॅम. कड ३०७. तरी खालीच! शिवाय आर-३२ ला पेटवायला प्रोपेनपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेची ठिणगी लागते. म्हणून बेडरूममध्ये त्याचा धोका कमी धरतात. पण गळतीच्या अगदी तोंडाशी, किंवा एखाद्या बंद खोक्यात, तोही पेटतो. आणि पेटला की हायड्रोजन फ्लोराइड नावाचा अत्यंत जळजळीत वायू तयार करतो. त्यामुळे ‘माइल्ड’ या शब्दावर फार जाऊ नका.

हाच हिशोब इंजिनीअर मंडळींनी एका सूत्रात बसवलाय. एसीच्या आंतरराष्ट्रीय मानकात (आयईसी ६०३३५-२-४०) खोलीच्या क्षेत्रफळावरून आणि यंत्र किती उंचीवर आहे त्यावरून गॅसची मर्यादा काढतात. १०० चौरस फुटांच्या खोलीत १.८ मीटर उंचीवर, म्हणजे भिंतीवर, लावलेल्या प्रोपेनच्या एसीसाठी मूळ सूत्राने उत्तर येतं सुमारे २३० ग्रॅम. उंची जास्त तर मुभा जास्त, कारण वरून पडणारा गॅस वाटेत हवेत मिसळतो. आणि गंमत म्हणजे खोली चौपट मोठी झाली तरी गॅसची मुभा फक्त दुप्पट होते. २०२२ च्या आवृत्तीत जादा सुरक्षा असलेल्या यंत्रांना यापेक्षा जास्त मुभा आहे. ती यंत्राच्या रचनेवर ठरते, आपल्या मनावर नाही.

थोडक्यात, ‘उन्हाळा लई आहे, छोट्या खोलीला मोठाच घेऊ’ हा आपला लाडका जुगाड प्रोपेनच्या एसीला चालत नाही. मॅन्युअलमध्ये किमान किती क्षेत्रफळाची खोली हवी ते लिहिलेलं असतं. घेण्याआधी ते पान बघा.

फ्रिजची गंमत वेगळी

फ्रिजमध्ये गॅस फारच कमी. आयसोब्युटेन ५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका लायटर रिफिलच्या डबीहूनही कमी. तो किचनमध्ये पसरला तर काहीच होत नाही. पण तोच फ्रिजच्या आत लीक झाला तर? अडीचशे लिटरचा बंद कप्पा. तिथे खालची कड गाठायला जेमतेम ११ ग्रॅम पुरतात! आणि आत थर्मोस्टॅट, दिव्याचं बटण. म्हणूनच या फ्रिजमध्ये ठिणगी उडणारे भाग एकतर बंदिस्त असतात किंवा आत ठेवतच नाहीत.

आता हे डोक्यात ठेवून एक जुना फ्रिज घ्या, जो आर-१३४ए साठी बनलाय. त्याचा थर्मोस्टॅट उघडा, रिले उघडा. त्यात कुणी ‘सेम टू सेम चालतो’ म्हणत आयसोब्युटेन भरला. कूलिंग मस्त मिळेल, लाइट बिलही कदाचित उतरेल. पण ज्या आगीचा विचार बनवणाऱ्याने कधी केलाच नव्हता, तिला आपण घरात जागा करून दिली.

कॉकटेलचा घोळ

इथवर एकेकटे गॅस पाहिले. खरा घोळ मिश्रणांचा.

आर-४१०ए हे आर-३२ आणि आर-१२५ यांचं निम्मं-निम्मं मिश्रण. आर-४०७सी मध्ये तीन गॅस. नवीन आर-४५४बी मध्ये दोन. मिश्रणातल्या प्रत्येकाचा उकळबिंदू वेगळा. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ ला. म्हणजे दोघांचं मिश्रण बारीक छिद्रातून वाफेच्या रूपात गळू लागलं की चपळ गडी आधी पळतो आणि सुस्त मागे राहतो. बाहेर पडणारा गॅस वेगळा, आत उरलेला वेगळा, आणि स्टिकरवर लिहिलेला तर तिसराच!

म्हणून मिश्रणाला क्लास देताना फक्त ‘डब्यात काय भरलंय’ एवढं तपासून भागत नाही. गळतीच्या वेगवेगळ्या अवस्थांत सगळ्यात जास्त पेटणारं प्रमाण कुठलं येतं ते शोधतात आणि त्याची चाचणी घेतात. आर-४०७सी ची रचना इथे स्मार्ट आहे. त्यातला पेटणारा आर-३२ उणे ५२ ला उकळतो आणि न पेटणारा आर-१२५ उणे ४८ ला. दोघं जवळजवळ हातात हात घालून बाहेर पडतात. पेटवणारा निघाला की विझवणारा सोबत! म्हणून ते मिश्रण गळतीतही ए१ राहतं.

पण ही हुशारी फॅक्टरीतल्या प्रमाणासाठी. अर्धा गॅस गळाल्यावर वरून आणखी थोडा ‘टॉप-अप’ मारला, की आत काय आहे ते देवालाच ठाऊक. त्यातून तो दुसऱ्याच सिलिंडरमधला असेल तर विचारूच नका. मग खोलीचा कुठलाच हिशोब लागू पडत नाही. ४१ ग्रॅम की १२, हे आपण काढू शकलो ते फक्त एका गोष्टीच्या जोरावर: आत काय आणि किती आहे, हे माहीत होतं म्हणून.

हे फक्त कागदावरचं नाही, बरं का. ५ एप्रिल २००८ ला न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळच्या तामाहेरे इथल्या शीतगृहात अलार्म वाजला. अग्निशमन दलाचे जवान बघायला गेले. तिथे मुख्यतः प्रोपेन असलेलं मिश्रण लीक झालं होतं, शेकडो किलो. त्याला वास घातलेला नव्हता, गॅस ओळखणारी यंत्रणा नव्हती. स्फोट झाला, एका जवानाचा जीव गेला आणि सात जण जखमी झाले.

आणि २०११ मध्ये त्याहून विचित्र प्रकार. जहाजांवरचे रेफ्रिजरेटेड कंटेनर दुरुस्तीत असताना फुटू लागले. व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये मिळून तीन कामगार दगावले. शोध घेतला तर सिलिंडरवर नाव होतं आर-१३४ए, आत मात्र मिथिल क्लोराइडची भेसळ! ते ॲल्युमिनियमशी संयोग करून असा पदार्थ बनवतं, जो हवा लागताच पेटतो. ठिणगीचीही गरज नाही. जगभरच्या बंदरांत संशयित कंटेनर बाजूला काढून ठेवावे लागले.

दोन्हीकडे मेलेला माणूस कोण होता बघा. एसीत झोपलेला गिऱ्हाईक नव्हे. मदतीला गेलेला जवान आणि पाना हातात घेतलेला मेकॅनिक.

उस्तादचा सिलिंडर

म्हणून मी दोन दुपारी एका उस्तादबरोबर फिरले. त्यांचं नाव नको, त्यांनीच सांगितलं. वय पन्नाशीचं, हातावर जुन्या भाजल्याचे डाग. गुलमंडी, मछली खडक, रंगारगल्ली असा त्यांचा एरिया.

‘ताई, गिऱ्हाईक विचारतंय काय? कितने में होगा? गॅस कौनसा, हे कोणी विचारत नाही,’ ते म्हणाले. ‘मी म्हणलो, आधी गळती शोधू, नायट्रोजन मारू, व्हॅक्यूम करू, मग काट्यावर तोलून गॅस भरू. दोन तास लागतील. तर म्हणतात, शेजारचा अर्ध्या तासात, अर्ध्या पैशात करून जातो!’

अर्ध्या तासात काय होतं? गळती तशीच राहते. पाइपातली हवा नीट निघत नाही. गॅस काट्यावर न तोलता ‘कूलिंग आलं की बस’ या अंदाजाने भरला जातो. प्रोपेनच्या यंत्रात दहा-वीस ग्रॅमचाही फरक पडतो, तिथे अंदाज! आणि मिश्रणाचा सिलिंडर उलटा धरून द्रव भरायचा असतो. सरळ धरून वाफ भरली की आधी चपळ गडी जातो आणि प्रमाण तिथेच बिघडतं.

सगळ्यात वाईट म्हणजे टॉर्च. पाइपाचा जोड ब्रेझिंगने सोडवायचा तर आधी आतला गॅस पूर्ण काढून नायट्रोजन फिरवायला हवा. आर-२२ च्या जमान्यात लोक थेट ज्योत लावत. धूर डोळ्यात जायचा, घसा जळायचा, पण आग लागायची नाही. त्याच सवयीने प्रोपेनच्या पाइपाला ज्योत लावली तर? उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त हाताकडे बघितलं.

गळती शोधायला नायट्रोजनऐवजी वेल्डिंगचा ऑक्सिजन भरण्याचा प्रकारही ऐकला. हे तर सरळ मरणच. कॉम्प्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन यांची गाठ पडली की काडीचीही गरज उरत नाही. आणि फ्रिजमध्ये घरगुती सिलिंडरचा गॅस भरणारे महाभाग वेगळेच. त्यात प्रोपेन-ब्युटेनचं प्रमाण ठरलेलं नसतं, ओलावा आणि गंधक असतं. फ्रिज तर बिघडतोच, हिशोबही बिघडतो.

एक गोष्ट मात्र त्या सिलिंडरची चांगली. त्याला मुद्दाम वास घातलेला असतो. एसी-फ्रिजमधल्या प्रोपेन-आयसोब्युटेनला बहुधा तसा वास नसतो. म्हणजे ‘लीक झालं तर कळेलच की’ हा भरवसा सोडा.

गुलमंडीत हिशोब का अवघड होतो

मानकाचं सूत्र चौकोनी खोलीसाठी. आपल्याकडची खोली चौकोनी असते कुठे? जुन्या वाड्याचे तुकडे पाडलेले, त्यात पोटमाळा, जिन्याखाली कोंदट कोनाडा, तळघरात गोडाऊन. जड गॅस अशाच जागा शोधतो. आउटडोअर युनिट लावायला भिंत नाही म्हणून ते दोन इमारतींच्या मधल्या हातभर बोळात. एकावर एक चार युनिटं, खाली कचरा, वर वायरींचं जाळं. तिथे लीक झालेला गॅस वाऱ्यावर जात नाही, खाली बसतो.

आणि फेअर असायला हवं म्हणून सांगते. उन्हाळ्यात ‘एसीचा स्फोट’ अशी बातमी येते तेव्हा दोष अनेकदा गॅसचा नसतो. सैल जोड, हलकी वायर, चुकीचा एमसीबी, वरखाली होणारं व्होल्टेज, फुगलेला कपॅसिटर ही नेहमीची कारणं. पण गॅस पेटणारा असेल, तर याच साध्या ठिणगीला सोबती मिळतो.

या शहराने आगी पाहिल्यात. २०१६ च्या दिवाळीत औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार डोळ्यांदेखत खाक झाला. एप्रिल २०२४ मध्ये छावणीतल्या दाणा बाजारात पहाटे एका टेलरिंगच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणारे सात जण धुराने गेले. या दोन्हीचा कुलिंगच्या गॅसशी संबंध जोडायचा नाहीये. मुद्दा एवढाच, की खाली दुकान, वर घर, मध्ये एकच जिना ही रचना गुलमंडीचीही आहे. इथे आग छोटी असून भागत नाही. ती लागूच नये, एवढाच एक मार्ग.

म्हणून प्रोपेन नकोच, असं म्हणायचं का? अजिबात नाही. उष्णता वाढतेय, एसी वाढतायत, आणि जुन्या गॅसकडे परत जाणं पृथ्वीला परवडणारं नाही. प्रोपेनसाठीच बनवलेला, योग्य खोलीत लावलेला, जाणकाराने बसवलेला एसी आपलं काम नीट करतो. भीती त्या गॅसची नको. ज्याचं नावच माहीत नाही, अशा मिश्रणाची हवी.

उस्ताद दारात आले की

• आधी स्टिकर बघा. आउटडोअरवर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं. फोटो काढून ठेवा. भाड्याच्या घरात तर पहिल्याच दिवशी.
• सिलिंडरवरचं नाव तेच आहे का, ते विचारा. ‘उसकी जगह ये चलता है’ असं उत्तर आलं की नम्रपणे नाही म्हणा.
• आर-२२ किंवा आर-४१०ए च्या यंत्रात आर-३२ किंवा प्रोपेन भरू देऊ नका. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो.
• आधी गळती शोधा, मग गॅस. साबणाचा फेस आणि नायट्रोजन, ऑक्सिजन कधीच नाही.
• मिश्रण अर्धवट गळालं असेल तर टॉप-अप नको. उरलेला नीट काढून, व्हॅक्यूम करून, वजन करून पूर्ण नवा भरा.
• पेटणारा गॅस असेल तर काम चालू असताना दारं-खिडक्या उघड्या, गॅस-शेगडी बंद, समई-उदबत्ती विझवलेली, सिगारेट गेटबाहेर.
• कामानंतर गॅसचं नाव, वजन आणि तारीख मार्करने युनिटवर लिहून घ्या. पुढच्या मेकॅनिकचा जीव त्यावर असू शकतो.
• गळतीचा संशय आला, म्हणजे कूलिंग अचानक गेलं, सुस्स आवाज आला, पाइपावर तेलाचे डाग दिसले, तर बटणं चालू-बंद करत बसू नका. दारं-खिडक्या उघडा, बाहेर या, शक्य असेल तर मेन स्विच खोलीबाहेरून पाडा. आग दिसली तर १०१ किंवा ११२.

आणि हो, मेकॅनिकला त्या दोन तासांचे पैसे द्या. आपण पिझ्झ्यावर टिप देतो, सलूनमध्ये देतो. जो माणूस उन्हात चौथ्या मजल्याच्या सज्जावर लटकून आपल्यासाठी पेटणारा गॅस हाताळतो, त्याच्याशीच शंभर रुपयांची घासाघीस कशाला? अर्ध्या पैशातलं अर्ध्या तासाचं काम आपणच मागतो, म्हणून तो ते करतो.

या वीकेंडला फार काही नको. मोबाइलचा टॉर्च लावा, गच्चीवर किंवा बोळात जा, आउटडोअरवरची धूळ पुसा आणि त्या स्टिकरवरचं नाव वाचा. मग मला नाही, तुमच्या रूममेटला सांगा. आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनाही. त्यांचा जुना फ्रिज गेल्याच महिन्यात कुणीतरी ‘भरून’ गेलाय.